वेशीपर्यंत मोटार

"विमान निघाल्यापासून या पृथ्वीवर अंतर नावाची वस्तूच शिल्लक राहिलेली नाही," असं महिपतराव खानविलकरांनी लग्नाच्या आदल्या दिवशी डोंबिवलीत, जानवसघराच्या ओट्यावर उभं राहून जाहीर केलं. नवरदेव नैरोबीला जेवून निघेल, सांताक्रूझला चहा घेईल आणि दुपारचं ऊन कलायच्या आत वेशीवर हजर होईल, हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, की जणू विमान तेच हाकून आणणार होते. समोर फलटणहून आलेलं शितोळ्यांचं वऱ्हाड चहा पीत बसलं होतं. वऱ्हाडानं माना डोलावल्या. महिपतरावांचा स्वतःचा आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास मुंबईहून बोटीनं दाभोळपर्यंतचा होता, आणि त्याही वेळी बंदर आलेलं न कळल्यामुळे ते जयगडला उतरले होते, ही गोष्ट वऱ्हाडाला ठाऊक नव्हती.

वराची आई रखमाबाई मात्र मान न डोलावता बशीतला चहा संपवत होत्या. बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, की सांताक्रूझहून पुढं काय.

"पुढं काय, रेल्वे आहे की," महिपतराव म्हणाले. "थेट दारात."

"माझा पोरगा इमानातनं उतरणार," रखमाबाई म्हणाल्या. "तिथनं पुढं तो आगगाडीतनं आला, तर मी वेशीवर पाऊल ठेवायची न्हाई. आगगाडीतनं भाजी पण येती. मोटार पायजे."

त्यांचा उत्तम नैरोबीत रेल्वेच्याच कचेरीत नोकरीला होता, ही आठवण त्या वेळी कुणीही त्यांना करून दिली नाही. महिपतरावांनी तर लगेच शब्द दिला. मोटार म्हणजे मोटार. ठाण्याचे मिठागरवाले काळुराम शेठ त्यांच्या ओळखीचे होते आणि त्यांच्याकडे एक जुनी, लांबलचक, काळी मोटार होती. ती सकाळीच विमानतळावर जाईल, नवरदेवाला घेईल, ठाण्यावरून, मुंब्र्यावरून, शिळेवरून मानपाड्याच्या वाटेनं वेशीवर आणील. तिथं सीमांतपूजन. मग मांडव. मग गोरज मुहूर्त.

सीमांतपूजनाची रीत पडली त्या काळी गावांना वेस असायची आणि स्टेशन नसायचं. नवरदेव वेशीवर थांबे, मुलीकडचे तिथं जाऊन त्याचे पाय धूत, ओवाळत, आणि मगच तो गावात शिरे. डोंबिवलीत आता स्टेशन गावाच्या पोटातच होतं, त्यामुळे आगगाडीनं येणारा माणूस वेस न ओलांडताच गावात उगवायचा. वऱ्हाडानं तसं उगवलेलं चालतं. नवरदेवानं उगवून चालत नाही.

महिपतरावांनी इतक्या तातडीनं शब्द द्यायला कारण होतं. सरोज त्यांच्या बहिणीची, गोदाची मुलगी. बाप लहानपणीच गेला. तेव्हापासून मायलेकी महिपतरावांच्याच घरी होत्या. पोर शिकली, शाळेत मास्तरीण झाली, आणि तिचं लग्न दोनदा ठरून दोनदा मोडलं: एकदा पत्रिका जुळली नाही म्हणून आणि एकदा जुळली तरी. हे तिसरं. उद्याचा गोरज चुकला, तर परवापासून गुरूचा अस्त, पाठोपाठ चातुर्मास. म्हणजे पुढचा मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर, आणि तोवर उत्तमची रजा संपून तो आफ्रिकेत पोचलेला असणार. फलटणात आणखी एक मुलगी सांगून आली आहे, हे रखमाबाईंनी आल्या आल्या सहज सांगितलं होतं. थोड्या वेळानं पुन्हा सहज सांगितलं.

पहाटे महिपतराव निघाले तेव्हा सरोज हळदीच्या अंगानं दाराशी आली. रात्रभर जागी असावी. तिनं फक्त एवढंच विचारलं, "मामा, आणाल ना?"

"अगं, विमानानं येतोय तो," महिपतराव म्हणाले.

*

विमान उशिरा आलं. एडनला वाळूचं वादळ झालं होतं म्हणे. महिपतराव कोशाचा फेटा बांधून, हातात नारळ आणि पिशवीत मुंडावळ्या घेऊन, तारेच्या कुंपणाला टेकून सकाळपासून आभाळाकडे बघत उभे होते. आभाळातून काहीही आलं की ते फेटा सावरत. त्यात दोन घारी होत्या.

विमान उतरलं तेव्हा दुपार सरत आली होती. त्यानंतर कस्टम. उत्तम शितोळे नावाचा उंच, देखणा आणि चेहऱ्यानं किंचित हिरवा असा तरुण बाहेर यायला आणखी वेळ लागला, कारण त्याच्याबरोबर एक जिराफ होता. लाकडी, कोरीव, ठिपक्याठिपक्यांचा आणि उभा केला तर महिपतरावांच्या फेट्याला ओलांडून जाणारा. होणाऱ्या बायकोसाठी नैरोबीची भेट. कस्टमच्या साहेबांनी त्याच्या पोटावर बोटं वाजवून आत काही आहे का ते पाहिलं होतं. आत लाकूड होतं.

बाहेर वाहनांची वानवा नव्हती. विमान कंपनीची बस होती, ती फोर्टातल्या हापिसापर्यंत जाणार होती. कंडक्टरचं मत असं पडलं, की एकदा फोर्टात पोचलं की माणसाला कुठंही जाता येतं. टॅक्स्यांची रांग होती. पहिल्या टॅक्सीवाल्यानं डोंबिवली हे नाव दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि शेवटी उत्तर आलं की तिकडं रस्ता जातो पण गाडी जात नाही. कडेला दोन व्हिक्टोरिया उभ्या होत्या आणि त्यांचे घोडे तोबऱ्यात तोंड घालून चाललेल्या चर्चेपासून अलिप्त होते. महिपतराव या सगळ्यांकडे दयेनं पाहत पुढं गेले, कारण थोड्या अंतरावर झेंडूच्या माळा घालून काळुराम शेठची काळी मोटार उभी होती आणि तिच्याजवळ दगडू ड्रायव्हर इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे होतं. महिपतरावांच्या आयुष्यात असं फारसं घडत नसे.

उत्तम मोटारीपर्यंत चांगला चालत आला. दगडूनं दार उघडलं. उत्तमनं एक पाय आत ठेवला, श्वास घेतला, पाय बाहेर काढला, आणि नारळाच्या झाडामागं जाऊन बराच वेळ वाकून उभा राहिला.

विमानानं त्रास झाला असेल, असं महिपतराव म्हणाले. त्यांनी त्याला पाणी दिलं, लिंबू हुंगायला दिलं, पुन्हा आणून बसवलं. दगडूनं इंजिन सुरू केलं. मोटार फाटकापर्यंत गेली आणि फाटकाशी थांबवावी लागली. तिसऱ्या खेपेला तर दगडूनं हँडल मारायच्या आधीच उत्तम, गाडीला वास येतो म्हणत, दार उघडून बाहेर पडला.

दगडूला हे फार लागलं. आपल्या गाडीला वास येतो असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. काल संध्याकाळी त्यानं गाडी आतून बाहेरून धुतली होती. गाद्यांवर तेलाचे जुने डाग होते, तेसुद्धा घासून घासून काढले होते.

"कशानं काढलेस?" महिपतरावांनी विचारलं.

"पेट्रोलनी. दुसऱ्या कशानी निघत नाय ते. मी पूर्ण डबा वापरलेला, शेठ. लगीन हाय ना."

महिपतरावांनी नवरदेवाला बाजूला घेतलं. आणि तिथं, कंपनीच्या बसच्या सावलीत, उत्तमनं खाली मान घालून ती गोष्ट सांगितली जी तो अठ्ठावीस वर्षं घरात बोलला नव्हता. त्याला मोटार लागत असे. लहानपणापासून. पेट्रोलच्या वासानंच पोटात ढवळून येई. विमानातही कागदाच्या पिशव्या संपल्या तेव्हा शेजारच्या गृहस्थानं आपली दिली होती. आगगाडीनं काही होत नसे, म्हणून तर रेल्वेत नोकरी धरली.

महिपतरावांना तो फोटो आठवला. नैरोबीहून आलेला. ज्यावर हे लग्न ठरलं तो. त्यात उत्तम एका चकचकीत मोटारीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. मुलगा आत का बसला नाही, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं. रखमाबाई तो फोटो कमरेच्या पिशवीत घालून अर्ध्या फलटणाला दाखवून आल्या होत्या.

"मामा, आईला यातलं काही बोलू नका," उत्तम म्हणाला. "तिला लोकांपुढं फार लागेल."

ऊन कलायला लागलं होतं. महिपतराव बसकडे बघत राहिले. बस पेट्रोलची. टॅक्सी पेट्रोलची. व्हिक्टोरियाला पेट्रोल लागत नाही, पण सांताक्रूझहून डोंबिवलीला घोडागाडीनं जाणारा माणूस पुढच्या वर्षीच्या मुहूर्तालाच पोचला असता. उरली आगगाडी. आगगाडीनं दोन तासांत डोंबिवली. पण ती वेशीच्या आत नेऊन सोडणार, आणि नवरदेव आगगाडीतून उतरलेला दिसला की रखमाबाई वेशीवरून उठणार, आणि फलटणातली ती मुलगी. माणसानं चंद्रावर जायच्या गोष्टी सुरू केल्या होत्या आणि महिपतरावांना एक माणूस तीस मैल पलीकडं नेता येत नव्हता. त्यांना पहाटेचा सरोजचा चेहरा आठवला. मग त्यांना स्वतःच दिलेलं उत्तर आठवलं, आणि ते आठवायला नको होतं असं वाटलं.

माणूस असा पुरता अडकला की त्याला कधी कधी सुचतं. नेहमी चांगलंच सुचतं असं नाही. महिपतरावांना सुचलं ते असं: मोटार रिकामी जाईल. दगडू ती शिळेवरून नेऊन मानपाड्याच्या फाट्यावर चिंचेखाली उभी करील. नवरदेव आणि ते स्वतः आगगाडीनं जातील, पण डोंबिवलीला नाही. डोंबिवली ओलांडून पुढं कल्याणला. कल्याणला टांगा करतील, त्याच चिंचेखाली येतील, आणि तिथून वेशीपर्यंतचं जे हाकेचं अंतर, तेवढंच मोटारीतून. तेवढ्यात नाक दाबून धरलं तरी चालेल. तोवर वारा लागून वासही गेलेला असेल.

दगडू रिकामी मोटार घेऊन, अपमान गिळून निघून गेला. झेंडूच्या माळा वाऱ्यावर उडाल्या. महिपतराव, उत्तम, एक ट्रंक आणि जिराफ व्हिक्टोरियात चढले. व्हिक्टोरियावाल्यानं जिराफाचं वेगळं भाडं मागितलं नाही. फक्त घोड्याला ते जनावर दिसू नये म्हणून जिराफाच्या तोंडावर पोतं टाकायला सांगितलं.

*

दादरला गाडी बदलली. डबा बराच रिकामा होता. जिराफ समोरच्या बाकावर आडवा निजला आणि उत्तम विमानात बसल्यापासून प्रथमच माणसात आला. पारसिकच्या बोगद्यापर्यंत तो नैरोबीच्या हवेबद्दल, इंजिनांच्या बॉयलरबद्दल आणि सरोजच्या पत्रांबद्दल बोलत होता. तिचं अक्षर फार सुंदर आहे, असं त्यानं दोनदा सांगितलं. महिपतरावांना तो मुलगा मनापासून आवडला. आवडल्यामुळे त्यांची काळजी दुप्पट झाली.

मग डोंबिवली आली.

महिपतरावांनी आपल्या बाजूच्या खिडक्या पाडल्या, फेटा काढून मांडीवर घेतला आणि ते जिराफाकडे तोंड करून बसले. बाहेरून, रुळांपलीकडून, त्यांच्याच दारच्या मांडवातला चौघडा ऐकू येत होता. कुणीतरी लाडू वळायच्या बायकांना हाका मारत होतं. ती हाक त्यांच्या घरातली होती.

"मामा, ही डोंबिवली ना?" उत्तमनं विचारलं.

"दिसायला आहे."

"मग उतरायचं ना आपण?"

"आपण अजून आलेलो नाही," महिपतराव म्हणाले.

तेवढ्यात पुढच्या डब्यातून ठाण्याचे बँडवाले उतरले. तेही याच लग्नाला. त्यांचा म्होरक्या काखेत ढोल घेऊन खिडक्या बघत बघत चालला होता. एक खिडकी नीट पडलेली नव्हती, त्या फटीतून त्यानं आत पाहिलं आणि त्याचं तोंड आनंदानं फुललं. महिपतराव, उतरा की, डोंबिवली आली, असं तो ओरडला. महिपतरावांनी त्याच्याकडे पूर्ण अनोळखी नजरेनं पाहिलं आणि कोण महिपतराव, असं विचारलं. म्होरक्या विचारात पडला. गाडी सुटली. तो ढोल घेऊन तसाच उभा राहिलेला, लहान लहान होत गेलेला महिपतरावांना फटीतून दिसत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपलं घर मागं जाताना पाहिलं.

कल्याणला टांगेवाल्यांनी मानपाडा म्हटल्यावर माना हलवल्या. एकजण तयार झाला, पण त्याचा घोडा सकाळपासून शहाडच्या फेऱ्या करून थकला होता आणि ते लपवत नव्हता. शीळ रस्त्याला धूळ घोट्यापर्यंत. सूर्य मलंगगडाच्या विरुद्ध बाजूला, खाडीच्या अंगाला उतरू लागला होता. टांग्यातच महिपतरावांनी नवरदेवाला कपडे बदलायला लावले, फेटा बांधला, मुंडावळ्या बांधल्या. प्रत्येक खड्ड्याला मुंडावळ्या उत्तमच्या तोंडात जात होत्या.

चिंच आली. चिंचेखाली मोटार नव्हती.

टांगेवाल्यानं ट्रंक आणि जिराफ उतरवून ठेवले आणि घोड्याला परतीची वाट दाखवली. महिपतराव चिंचेच्या मुळावर बसले. पलीकडं, शेतांच्या टोकाला वेशीचा शेंदूर लावलेला दगड होता, आणि तिथं माणसं दिसत होती. लुगड्यांचे रंग. एक लाकडी खुर्ची. खुर्चीवर रखमाबाई असणार. सूर्याला आता बुडायची घाई झाली होती. गाई परतत होत्या. गोरज म्हणतात ती हीच धूळ, आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत उडत होती. बोहल्यावर मुलीला मामानं आणायचं असतं. मामा चिंचेखाली होता.

त्यांनी मनातल्या मनात सरोजला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करून पाहिली. "पोरी" या शब्दापुढं ती सरकेना.

"मामा," उत्तम म्हणाला, "मी चालत जातो. आईला मीच सांगतो."

"काय सांगशील?"

उत्तमनं बराच विचार केला. "तिथपर्यंत गेल्यावर सुचेल," तो म्हणाला.

हा मुलगा आपल्या घरात शोभून दिसेल, असं महिपतरावांना वाटलं. पण ते वाटायला फार उशीर झाला होता. त्यांनी ट्रंक उचलायला हात घातला आणि तेवढ्यात शिळेच्या बाजूनं घुंगरांचा आवाज आला.

बैलांचे घुंगरू होते. दोन पांढरे बैल, शिंगांना लाल रंग, आणि त्यांच्या मागं, दोरखंडानं बांधलेली, धुळीनं अर्धी पांढरी झालेली काळुराम शेठची मोटार. चाकाशी दगडू बसला होता आणि समोर बघत होता. बैलांच्या बाजूनं राघो नावाचा शीळगावचा शेतकरी काठी घेऊन चालत होता.

दगडूनं महिपतरावांकडे न बघता हकीगत सांगितली. शिळेपर्यंत गाडी सरळ आली. मग खोकली आणि थांबली. पेट्रोल संपलं होतं. बरोबर जादा डबा नेहमी असतो, पण तो काल गाद्यांना लागला.

महिपतरावांनी कपाळावर मारायला हात उचलला आणि तो मधेच थांबला. ते मोटारीजवळ गेले. खिडकीतून डोकं आत घालून त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मोटारीला धुळीचा, झेंडूचा आणि बैलांचा वास येत होता.

"उत्तमराव," ते म्हणाले, "बसून बघा बरं."

उत्तम बसला. श्वास घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. राघोसुद्धा, ज्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"काही होत नाही," उत्तम म्हणाला, आणि लहान मुलासारखा हसला.

*

वेशीवर पहिल्यांदा दिसली ती जिराफाची मान. तो मोटारीत मावत नसल्यामुळे खिडकीतून बाहेर काढला होता. त्याच्यामागून बैल, म्हणजे खरं तर बैलांमागून तो. बँड तयारीत होता, पण म्होरक्यानं महिपतरावांना पाहिलं आणि त्याचा ढोलावरचा हात तिथंच राहिला. महिपतरावांची बायको सखुबाई आरतीचं तबक घेऊन पुढं झाली; तिला लांबचं कमी दिसत असे आणि जवळचं त्याहून कमी. तिनं खिडकीतून जो पहिला पुढं आलेला होता त्याला कुंकू लावलं. मग मागचा नवरदेव सापडला.

रखमाबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी मोटारीला पूर्ण फेरी घातली. बैलांकडे पाहिलं. दोरखंडाकडे पाहिलं.

"महिपतराव," त्या म्हणाल्या, "हे काय?"

महिपतराव दिवसभर खोटं बोलले नव्हते. निदान मोठं नाही. त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य बोटभर उरला होता.

"आमच्याकडं अशीच रीत आहे, विहीणबाई," ते म्हणाले. "नवरदेवाचं वाहन वेशीवर आलं की इंजिन बंद. मंगल कार्यात यंत्राचा धूर चालत नाही. गावचे बैल ते आत नेतात. मान असतो तो."

डोंबिवलीच्या मंडळींनी ही रीत त्या क्षणी प्रथमच ऐकली. पण फलटणकरांपुढं आपल्याच गावची रीत आपल्याला ठाऊक नाही असं कोण म्हणणार. दोन वडीलधाऱ्यांनी तर माना हलवून, हल्लीचे लोक हे पाळत नाहीत, अशी खंतही व्यक्त केली. फलटणकरांनीही, आमच्याकडं पूर्वी होतं, असं म्हटलं. (पुढं काही वर्षं त्या भागात लग्नाच्या मोटारी वेशीवर येऊन थांबत आणि बैल शोधायला माणसं धावत, हे मात्र खरं.)

रखमाबाईंनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं. तो तांबडा, टवटवीत दिसत होता. त्यांनी मान हलवली. चौघडा, बँड आणि राघोचे हाकारे एकदमच सुरू झाले, पाय धुतले गेले, आणि मोटार बैलांच्या चालीनं, म्हणजे महिपतरावांच्या छातीच्या ठोक्यांच्या निम्म्या चालीनं, मांडवाकडे निघाली. महिपतराव पुढं धावत गेले. सरोज आतल्या खोलीत पिवळ्या शालूत बसली होती. त्यांच्या धुळीनं भरलेल्या मिशा पाहून ती आधी घाबरली. त्यांना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी फक्त हात पुढं केला. ती उठली, आणि मामानं भाचीला बोहल्यावर आणलं तेव्हा भटजी पश्चिमेकडे बघत मंगलाष्टकं जरा जास्तच भराभर म्हणत होते.

अक्षता पडल्या. अंतरपाटाच्या पलीकडं कुणाला रडू आलं, कुणाला हसू. गोदा दोन्ही करत होती.

मग जेवणं, मग वरातीची तयारी. मांडवापुढं मोटार उभी होती, बैल पुन्हा जुंपले होते, दगडूनं पोचाऱ्यानं धूळ पुसली होती आणि कुणीतरी शेजारच्या गिरणीवाल्याकडून पेट्रोलचा एक डबा आणून त्याच्या हवाली केला होता, तो महिपतरावांनी काढून घेऊन विहिरीपलीकडं ठेवला होता. वराच्या आईचा मान मोटारीत पुढच्या जागेवर. महिपतराव त्यांची खुर्ची घेऊन, दिवसभरात पहिल्यांदा ताठ उभे होते. विमानापासून वेशीपर्यंत माणूस आणला होता. जगात अंतर उरलेलं नाही असं पुन्हा म्हणावंसं त्यांना वाटत होतं.

रखमाबाईंनी त्यांना खुणेनं मांडवाच्या मागं बोलावलं. तिथं पत्रावळींचा ढीग होता आणि कुणी नव्हतं. त्यांनी पदर सावरला, इकडंतिकडं पाहिलं, आणि या दोन दिवसांत प्रथमच आवाज खाली आणला.

"भाऊ, मोटार तुमची झ्याक हाय. पण मला मोटार लागती. ल्हानपणापास्नं. उत्तमला बोलू नगा, त्याला किती हौस हाय मोटारीची." त्यांनी पुन्हा एकदा मागं वळून पाहिलं. "माझ्यापुरती एखादी साधी बैलगाडी बघता का?"